गाडीचं पाणी

१

मंगळवारी माझे पहिले तीन तास लागून असतात, म्हणून त्या दिवशी मी डबा सकाळीच भरून घेतला होता. पावणेपाचला चैतराम उठले. डिसेंबर होता, अंगणात धुकं होतं. त्यांनी मफलर गुंडाळला, पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा नळाखाली भरला आणि ट्रकच्या बंपरवर चढून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. तोंडातून बाहेर सांडेपर्यंत ते ओतत. सांडलं की भरलं, एवढाच त्यांचा हिशोब. मग फडक्याने पुसत, टोपी घट्ट फिरवत आणि घरात येत. तोवर चहा निवलेला असे. बावीस वर्षं मी तो चहा रोज दुसऱ्यांदा गरम केला.

"पहिले तिचं पानी, मंग आपला चहा," ते म्हणत. ट्रकला ते 'ती' म्हणत. मला 'मॅडम' म्हणत, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते.

ट्रक आमच्या लग्नाआधीचा. त्याचा खालचा रबरी पाइप क्लिपपाशी चिरला होता आणि तिथून पाणी टपकायचं. बदलून घ्या, असं मी कितीदा तरी सांगितलं. ते हसायचे. "एवढंसं तर टपकते. राहू द्या. मले सकाळी उठायले कारन रायते."

साडेअकराला मुख्याध्यापक प्रफुल सर वर्गाच्या दाराशी आले. "मॅडम, जरा बाहेर या." हातात खडू तसाच घेऊन मी बाहेर गेले. गोरेगावच्या एका राइस मिलमधून फोन होता. धान उतरवायच्या रांगेत ट्रक उभा होता. नंबर आला तरी हलला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले, मग कुणीतरी कॅबिनमध्ये चढून पाहिलं. स्टिअरिंगवर डोकं टेकवून ते बसले होते.

संध्याकाळी मिलची माणसं ट्रक अंगणात आणून लावून गेली. त्यांच्यातला एक म्हातारा हमाल हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला. मला धीर द्यावा म्हणून तो बोलत होता, हे मला कळत होतं.

"गाडीची काळजी करू नका, मॅडम. इंजिन चालूच होतं ना, गरमीचा काटा वर चढला होता. आमी पहिले पानी टाकलं, मंग भाऊले खाली उतरवलं."

"बरं केलंत," मी म्हटलं.

२

दहाव्याला पुरुष मंडळी पांगोली नदीच्या घाटावर गेली आणि दुपार कलली तरी परतली नाहीत. परतल्यावर माझा दीर भूपेंद्र माझ्याकडे न बघताच ओसरीवर बसला. तो तिरोड्याला नोकरी करतो. भावापेक्षा बारा वर्षांनी लहान, मुंडण केल्यामुळे आणखीच लहान दिसत होता.

"सांगा ना बाईले," माझी जाऊ दामिनी त्याला म्हणाली. "कायले लपवता?"

"काही नाही, वयनी. कावळा लवकर शिवला नाही, एवढंच."

"किती वेळ?"

"दीड तास असन." त्याने टाळूवरून हात फिरवला. "मी म्हटलं, दादा, वयनीले एकटं पडू देनार नाही. कावळा झाडावर बसून. मंग म्हटलं, घर पाहीन, धानाच्या बांध्या पाहीन. तरी नाही. मंग रामलाल काका ओरडले, अरे, त्याचा जीव कायच्यात होता ते बोल ना!"

रामलाल काका म्हणजे आमचे शेजारी. ते खांबाला टेकून खाली बघत होते.

"मंग मी म्हटलं, दादा, गाडीचं पानी पाहीन. रोज पाहीन."

"आणि?"

"बोलनं पुरं होऊ देल्लं नाही, वयनी. झपकन आला."

दामिनीला हसू फुटलं. तिने पदर तोंडाशी धरला, पण तोवर रामलाल काकाही हसले, मग भूपेंद्र हसला. "भाऊजी म्हनजे भाऊजीच," दामिनी डोळे पुसत म्हणाली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं होतं. मीही हसले.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे सारखे करत राहिले. कावळा भूक लागली की उतरतो, माणसं जवळ असली की उतरत नाही. हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. तरी डब्यांची झाकणं लावताना एकच गोष्ट मनात फिरत होती. माझं नाव सगळ्यांत आधी घेतलं होतं. तेव्हा तो हललासुद्धा नाही.

३

तेरवी झाली आणि भूपेंद्र तिरोड्याला परत गेला. कबूल केलेलं पाणी घाटावरच राहिलं. ट्रक अंगणात उभा होता, तोंड घराकडे करून. मी त्याच्याकडे पाहत नव्हते, पण टपकणं ऐकू येत होतं. माझी खाट मधल्या खोलीत आहे, समोरच्या दाराच्या सरळ रेषेत. पडल्या पडल्या मी थेंब मोजायची. मिनिटाला दहा-बारा. खाली चिखल होऊ लागला म्हणून रंगाचा रिकामा डबा ठेवला आणि रोज संध्याकाळी तो ओतून देऊ लागले. दिवसाला साधारण दीड गडवा, म्हणजे दीड तांब्या पाणी निघायचं.

ते जाऊन महिना झाला तेव्हा भूपेंद्रचा फोन आला. ट्रक तो नेणार होता. चालक ठेवून तिरोड्याला चालवणार होता. त्याआधी शालीकराम मिस्त्री एकदा बघून जाणार होते. रविवारी ते आले. बॅटरी काढून चार्जिंगसाठी बाजूला ठेवली, बंपरवर चढले, टोपी उघडली आणि आत बोट घालून तसेच उभे राहिले.

"मॅडम, पानी कोन टाकून राहिलं?"

"कुणी नाही."

"मंग हे काय? तोंडाले लागून आहे." त्यांनी ओलं बोट वर धरून दाखवलं. "खालून टपकून राहिलं आन वरून फुल्ल. किती दिवस झाले उभी?"

"एक महिना चार दिवस."

"भूपेंद्र भाऊ येऊन टाकत असन."

"तो तिरोड्याला आहे."

मिस्त्री खाली उतरले. हात पुसता पुसता त्यांनी आवाज हळू केला. "तर मंग तुमीच टाकत असान, मॅडम. इसर पडत असन. दुखात होते असं. माया सासरा गेला तं मायी बायको महिनाभर त्याचा भात मांडून राहिली होती. मांडे आन मले इचारे, हे कोनं मांडलं?"

हे पटण्यासारखं होतं. फक्त मी आयुष्यात कधी त्या बंपरवर चढले नव्हते, आणि नऊवारीतली माझी आई सोडून आमच्या घरात साडी नेसून कुणी कशावर चढल्याचं मला आठवत नव्हतं. मी त्यांना चहा दिला. ट्रकचं दुसरं काही बघायचं होतं ते बघून ते गेले.

संध्याकाळी डब्यात दीड गडवा पाणी होतं.

४

वर्गात मी सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी तसंच केलं.

पहिल्यांदा भूपेंद्रला विचारलं. तो ओशाळला. "काऊन लाजवता, वयनी? मी कबूल केलं आन विसरलो. दादा माफ करन." तो नव्हता.

मग फाटकाला कुलूप लावलं. सकाळी कुलूप जसंच्या तसं आणि रेडिएटर भरलेला. तो बघायला मी स्टुलावर चढले होते, बंपरवर नाही. टोपी उघडायला मला दोन्ही हात लावावे लागले.

मग टोपीभोवती पांढरा दोरा बांधला, सात वेढे आणि गाठ. सकाळी दोरा बंपरवर ठेवलेला होता. तुटलेला नव्हता. बोटाभोवती गुंडाळून उतरवावा तशी त्याची गुंडी होती. चैतराम शिवणाचा, पतंगाचा, कसलाही दोरा असाच ठेवत. पण असा दोरा पुष्कळ लोक ठेवतात. मीही ठेवत असेन.

मग मी त्यांचा पाच लिटरचा डबा माळ्यावर टाकला आणि अंगणातल्या नळाचा कॉक बंद केला. ट्रकपर्यंत न्यायला आता पाणीच राहिलं नव्हतं. त्या दिवशी मला बरी झोप लागली.

सकाळी उठून स्वयंपाकघरात गेले. माठ मी संध्याकाळी काठोकाठ भरते, वर ताटली ठेवते आणि ताटलीवर गडवा पालथा घालते. गडवा सुलटा होता. आतून ओला होता. माठातलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

आणि जमिनीवर थेंब होते. माठापासून निघून मधल्या खोलीतून समोरच्या दारापर्यंत गेलेले. दाराला आतून कडी होती.

मी दिवा लावून खाली बसले आणि थेंब नीट पाहिले. भरलेलं भांडं घेऊन माणूस चालतो तेव्हा थेंब अंतराअंतराने पडतात. तो थांबला की एकाच जागी पडत राहतात आणि तिथे डाग मोठा होतो. माठाजवळ तसा डाग होता. दारापाशी, कडीखाली, लहानसा होता. बाहेर ट्रकसमोर मोठा होता, बशीएवढा.

माझ्या खाटेजवळ अंतर सारखंच होतं. एक थेंब पायांशी, एक कमरेशी, एक उशीच्या थोडा पुढे. मी झोपले होते तिथून ते गेले, आणि थांबले नाहीत.

५

मला भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी राग आला.

तिजेचा, म्हणजे हरतालिकेचा उपास मी बावीस वर्षं पाण्याचा थेंब न घेता केला. भाद्रपदातला उकाडा, शाळा, घरी येईतो जीभ टाळूला चिकटलेली असायची. त्याच पहाटे ते बाहेर डबा भरताना दिसायचे. तिला तहान लागते, हे त्यांना टपकण्यावरून कळायचं. मी टपकत नव्हते. मला लागते का, असं त्यांनी एकदा तरी विचारलं असेल तर मला आठवत नाही. वाईट माणूस नव्हते. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. ट्रकवरही नाही.

त्या आठवड्यात मी जे केलं ते लिहायला संकोच वाटतो. रोज झोपताना केस विंचरून वेणी घातली. त्यांना आवडायची ती निळी साडी नेसून झोपले. उशाशी एक रिकामा गडवा ठेवला आणि दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. सकाळी गडवा कोरडाच असे आणि थेंब खाटेवरून पुढे गेलेले.

मग मी खाट ओढून खोलीच्या मधोमध आडवी लावली. भिंत ते भिंत वाटच ठेवली नाही, फक्त पायांकडे वीतभर.

सकाळी थेंब पायांकडून वळून गेले होते. वाटेत एखादं कपाट आलं तर माणूस जसा वळून जातो तसे.

दुसऱ्या दिवशी मी साडेचारलाच उठले, शाल पांघरली आणि ट्रकच्या कॅबिनमध्ये जाऊन चालकाशेजारच्या सीटवर बसले. तिथे मी सगळी मिळून तीन-चार वेळाच बसले असेन. डिझेल, बिडी आणि खोबरेल तेलाचा वास अजून होता. टेकायच्या जागी रेक्झीन त्यांच्या डोक्याने काळपट झालं होतं. समोरची काच धुक्याने पांढरी होती. तळाशी तेवढी दोन बोटांची पट्टी स्वच्छ होती. बाहेर अजून अंधार होता, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तेवढा अंगणात येत होता. रामलाल काकांच्या घरी रेडिओ लागला.

घराच्या दाराची कडी वाजली. तिला एक ठरावीक आवाज आहे, आधी घासतो, मग पडतो.

मग ट्रक जरासा खाली दबला. बंपरवर कुणी चढलं की दबतो तेवढाच.

काचेच्या त्या पट्टीतून मला फडकं दिसलं. माझ्याच जुन्या साडीचं होतं, पिवळं, मी ते ओळखलं. फडक्यात गुंडाळलेली बोटं टोपी फिरवत होती. बोटांच्या पुढे काही दिसत नव्हतं, कारण काच पांढरी होती. पाणी पडल्याचा आवाज आला, आधी पोकळ, मग भरत जाणारा. आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज.

"पी. पी माय, पी."

हा आवाज मी बावीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. मी चहा गरम करत असे तेव्हा बाहेर हे चाललेलं असायचं.

"अहो," मी म्हटलं.

पाणी थांबलं.

"अहो, मी इथे आहे."

पट्टीतली बोटं तशीच होती. एक थेंब जाळीवर पडला, मग आणखी एक. मी शाल घट्ट धरली. मग पाणी पुन्हा सुरू झालं, अगदी आधीसारखं, बेताच्या धारेने, आणि काठावरून सांडेपर्यंत चाललं. टोपी फिरली. ट्रक परत वर आला.

उजाडल्यावर मी खाली उतरले. बंपर ओला होता. घराचं दार उघडं होतं, पण ते मीच उघडून आले होते. मातीत चपलांच्या खुणा होत्या, त्या माझ्याच होत्या. शालीकराम म्हणाले तेच खरं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सलग चार दिवस जी बाई नीट झोपली नाही, तिला काचेत काहीही दिसेल.

मी हात पाहिले. कोरडे होते.

६

त्याच सकाळी मी मिस्त्रींना फोन केला. "पाइप बदलायचा आहे. आज या."

"आज तं गोरेगावचा बाजार आहे, मॅडम."

"बाजार झाल्यावर या."

दुपारी तीनला ते नवा पाइप, दोन क्लिपा आणि कूलंटचा डबा घेऊन आले. ट्रकखाली सरकताना म्हणाले, "भाऊनं मले दहा खेपा वापस पाठवलं याच्यासाठी. म्हने, राहू दे गा, हात नको लावू. मी म्हटलं, भाऊ, गाडी हाय का बाळंतीन हाय?"

"मग काय म्हणाले?"

"हासले." खालून फक्त त्यांचा आवाज येत होता. "तुमी नाराज तं नाही ना मॅडम, असं बोललो म्हून?"

"नाही. बदला."

जुना पाइप निघाला तसं आतलं पाणी भसकन बाहेर आलं, विटकरी रंगाचं. अंगणाच्या उतारावरून ते घराकडे वाहत गेलं आणि पायरीशी जिरलं. त्यांनी दोन बादल्यांनी आतून धुऊन काढलं, पाइप बसवला, क्लिपा आवळल्या आणि वरून हिरवं कूलंट ओतलं. बॅटरी लावून अर्धा तास इंजिन चालवलं. खाली जाड कागद पसरून ठेवला होता, तो कोरडाच राहिला.

"देखो मॅडम, एकदम फिट. आता टोपी उघडायचंच काम नाही. सहा महिने पाहू नका तिच्याकडं."

"काही म्हणजे काही लागणार नाही?"

"थेंब नाही लागत."

ते गेले तेव्हा चार वाजले होते. अंगणात ऊन होतं. कान देऊन ऐकलं, टपकणं बंद झालं होतं. मी ट्रकजवळ गेले आणि जाळीवर हात ठेवला. गरम होती, तापलेल्या माणसाच्या अंगासारखी.

घाटावर पुरुष बोलतात तसं मी मोठ्याने बोलले. आमच्यात बायकांना तिथे नेत नाहीत, त्यामुळे कसं बोलायचं असतं ते मला ऐकूनच माहीत होतं. आधी नाव घ्यायचं, मग जे असेल ते सरळ सांगायचं. लग्नानंतर मी त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"चैतराम," मी म्हटलं, "हिचं झालं. हिला आता पाणी लागत नाही. मला लागतं. मला पाजा."

कुंपणापलीकडे रामलाल काका हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

रविवारी भूपेंद्र चालक घेऊन आला. ट्रक मागे घेत घेत फाटकाबाहेर काढला. कोपऱ्यावर वळताना त्याने एकदा हॉर्न दिला. सवत घरातून निघावी तसं मला वाटलं. हे वाटणं चांगलं नव्हतं, पण फार दिवसांनी मी पोटभर जेवले.

७

सोमवारी पाचला जाग आली ती गारठ्याने. हनुवटीखाली, गळ्याशी, ओलं होतं. ब्लाउजचा गळा भिजला होता. तोंडात माठाच्या पाण्याची चव होती, मातीची.

मी उठून दिवा लावला. थेंब माठापासून निघून खाटेपर्यंत आले होते. उशीशी बशीएवढा डाग होता. तिथून पुढे दाराकडे एकही थेंब नव्हता.

तो डाग मी पुसला नाही. आंघोळ करून शाळेत गेले. प्रफुल सर म्हणाले, मॅडम, आज जरा बरं वाटतंय ना? हो म्हटलं. दिवसभर मुलांना दोनदा समजावून सांगितलं, कुणावर चिडले नाही. वाटेत नवा गडवा घेतला, पितळी. जुन्याचा काठ चेपला होता, तो ओठाला लागला असता.

मंगळवारी उशी भिजली होती. बुधवारी गादी. गडवा पुरत नव्हता, माठ निम्म्यावर यायचा. शुक्रवारी मी खोकत उठले. नाकातून पाणी आलं, डोळ्यांमागे जळजळ झाली, श्वास घ्यायला खाटेचा कठडा धरून बसावं लागलं. माठाचा तळ दिसत होता.

तेव्हा मला उमगलं. भरलं की नाही हे ओळखायची त्यांना एकच रीत ठाऊक होती.

मी माठ रिकामा ठेवून पाहिला. सकाळी न्हाणीतली बादली अर्धी होती. बादली पालथी घातली, तर नळ चालू राहिला होता. समोरचं दार, मागचं दार, दोन्हींना आतून कडी. माझ्या हातांना डिझेलचा वास येतो का, ते हुंगून पाहिलं. येत नव्हता. हनुवटीला येत होता. हनुवटी कुणीतरी पुसली होती.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. तो उजेडासमोर धरून म्हणाले, "फुफ्फुसात पाणी गेलंय तुमच्या. झोपेत पाणी पिता का?"

"नाही."

"मग हे गेलं कसं?" त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "घरात कुणाला तरी सोबत ठेवा. पुन्हा असं झालं तर निभणार नाही."

काल दामिनीचा फोन आला. तिला माझं बोलणं कमी आणि खोकणंच जास्त ऐकू येत होतं.

"बाई, हे काय व? अशा काऊन खोकून राहिल्या?"

"थंडीचं आहे. गाडी कशी आहे?"

"गाडीले काय होते? मस्त धावते. एक थेंब टपकत नाही म्हनून हे सांगून राहिले साऱ्या गावाले." मग तिचा आवाज बदलला. "तुमी इकडं या. मी खोली झाडून ठेवली. उद्याच्या बसनं या, नाही तं मी ह्यांले घ्यायले पाठवतो. तिथं कोन हाय तुमचं?"

"येते," मी म्हटलं.

आज पहाटे मी डोळे उघडले नाहीत. जाग आली होती. खाटेची कड दबली होती. पाणी गार होतं आणि बेताच्या धारेने येत होतं. गिळता येत होतं तेवढं मी गिळत होते. मला हात हलवता आला असता, मान वळवता आली असती. तेवढ्यात अगदी जवळून, त्या कॅबिनमध्ये ऐकलेल्या आवाजात, त्यांनी म्हटलं,

"पी. पी, मॅडम."

मग सांडलं. फडकं ओठांवरून फिरलं आणि बोटांनी माझा जबडा धरून घट्ट मिटला. तो अजून दुखतो आहे.

दोन साड्या, गोळ्या आणि चार्जर पिशवीत घालून पिशवी दाराशी ठेवली आहे. शाळेत रजेचा अर्ज दिला आहे. तिरोड्याची शेवटची बस साडेपाचला नाक्यावरून जाते. दामिनीचे तीन फोन येऊन गेले. आता सहा वाजले आहेत. मी अजून निघाले नाही.